अपाचीही चालू, टॉमकॅटही चालू, तरी ५०३: मॉड-जेकेची नेहमीची दुखणी आणि त्यांची तपासणी

पुढे अपाची हा वेब सर्व्हर, मागे जावा ॲप चालवणारा टॉमकॅट आणि मधे दोघांना जोडणारं मॉड-जेके प्लग-इन, ही मांडणी मला अजूनही सारखी भेटते. कॉलेजची प्रवेश प्रणाली, पतसंस्थेचं आतलं सॉफ्टवेअर, कारखान्याची जुनी स्टोअर्सची नोंदवही. वर्षानुवर्षं निमूट चालते आणि एके दिवशी ब्राउझरमध्ये ‘सर्व्हिस अनअव्हेलेबल’, म्हणजे एरर ५०३, येतं. फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: ‘दोन्ही रीस्टार्ट केले, थोडा वेळ चाललं, परत तेच.’

हेच दुरुस्त करत आल्यामुळे तपासणीचा क्रम आता हाताला बसला आहे. सोपं आणि फुकटातलं आधी, अवघड शेवटी. पण क्रमाआधी एक कळकळीची विनंती: लॉग वाचल्याशिवाय रीस्टार्ट करू नका. कुठे अडलं हे मॉड-जेके स्वतः आकड्यात लिहून ठेवतं. रीस्टार्टने अडकलेली कनेक्शनं आणि थ्रेड (टॉमकॅटमधली एकेक रिक्वेस्ट हाताळणारी कामं) निघून जातात, आणि खरं कारण शोधायची संधी पुढच्या बिघाडापर्यंत लांबते.

खाली सगळं लिनक्स धरून लिहिलं आहे.

आधी लक्षण ओळखा

- सगळ्यांना, सगळ्या पानांवर ५०३. पण टॉमकॅटच्या ८०८० पोर्टवर थेट गेलं तर ॲप उघडतं.
- एचटीटीपीवर ॲप दिसतं, एचटीटीपीएसवर ४०४, म्हणजे पान सापडलं नाही.
- टॉमकॅट किंवा ओएस अपडेट केल्यापासून ५०३, नाहीतर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला.
- सर्व्हर रीबूट झाला की ५०३. कोणीतरी ‘ती एक कमांड’ मारली की सुरू.
- सकाळच्या पहिल्या काही रिक्वेस्ट लटकतात, मग दिवसभर काही नाही.
- मोजक्याच लोकांना एरर. किंवा मराठीत शोधलं की अक्षरांचा कचरा.
- गर्दीच्या वेळी हळू होत होत ५०३. रीस्टार्टनंतर थोडा वेळ बरं.

पहिली चार लक्षणं बहुतेक वेळा कॉन्फिगची असतात आणि तासाभरात मिटतात. शेवटचं लक्षण बहुधा प्लग-इनचं नसतंच. त्यावर शेवटी येतो.

पहिलं पाऊल: दोष कुठल्या बाजूला आहे?

टॉमकॅटच्याच मशीनवरून कर्ल कमांडने ८०८० वर ॲपचं पान मागवा. तिथेही एरर असेल तर प्लग-इनचा विषय संपला. ॲप किंवा टॉमकॅट बघा. पान आलं तरी निश्चिंत होऊ नका. ८०८० हा एचटीटीपी कनेक्टर आहे (कनेक्टर म्हणजे टॉमकॅटचं बाहेरच्यांशी बोलायचं दार) आणि मॉड-जेके बोलतं एजेपी या वेगळ्या प्रोटोकॉलच्या कनेक्टरशी, म्हणजे सहसा ८००९ शी. एकाच टॉमकॅटमध्ये एक कनेक्टर ठणठणीत आणि दुसरा उठलेलाच नाही, असं सहज होतं. म्हणून एसएस कमांडने ८००९ खरंच लिसन करतोय का आणि कोणत्या पत्त्यावर, हे पाहा. पोर्टच्या अलीकडचा पत्ता नीट वाचा: १२७.०.०.१ आहे, मशीनचा आतला आयपी आहे, की सगळ्यांसाठी उघडा आहे? पुढची निम्मी तपासणी या एका ओळीवर ठरते.

मग अपाचीची बाजू. अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट चालवा. हायफन मोठा एम देऊन जेके मॉड्यूल यादीत आहे का पाहा, आणि हायफन मोठा एस देऊन कोणता व्हर्च्युअल होस्ट (अपाचीतलं एकेका साइटचं वेगळं कॉन्फिग) कोणत्या फाइलमधून येतोय ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे आणि यात काहीच बिघडत नाही.

दुसरं पाऊल: लॉगमधला आकडा

अपाचीच्या कॉन्फिगमध्ये जेकेलॉगफाइल या ओळीत जो मार्ग दिलाय ती फाइल उघडा. एररच्या वेळची ओळ शोधा. त्यात साधारण असा मजकूर असतो: अमुक वर्करचं (वर्कर म्हणजे मॉड-जेकेच्या यादीतली एकेका टॉमकॅटची नोंद) बॅकएंडशी कनेक्शन जमलं नाही, टॉमकॅट बहुधा चालू नाही किंवा चुकीच्या पोर्टवर आहे. ओळीच्या शेवटी कंसात एररनो आणि एक आकडा. बहुतेक लोक वाक्य वाचतात, ‘टॉमकॅट चालू नाही’ असा अर्थ घेतात आणि तो रीस्टार्ट करतात. वाक्य प्रत्येक वेळी तेच असतं. फरक आकड्यात असतो, कारण तो थेट लिनक्सकडून येतो.

१११ म्हणजे समोरच्याने कनेक्शन नाकारलं. मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टला कोणी लिसन करत नाही. तीन नेहमीची कारणं: एजेपी कनेक्टर उठलेला नाही, पोर्ट वेगळा आहे, किंवा टॉमकॅट एका पत्त्यावर बसलाय आणि प्लग-इन दुसऱ्या पत्त्यावर ठोठावतोय. तिसऱ्यातला एक प्रकार फार छळतो. वर्करच्या फाइलमध्ये, म्हणजे वर्कर्स डॉट प्रॉपर्टीजमध्ये, होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलेलं असतं. एका बाजूला त्याचा अर्थ आयपीव्ही-६ चा पत्ता निघतो आणि दुसऱ्या बाजूला १२७.०.०.१. दोन्ही एकाच मशीनवर असतील तर दोन्हीकडे सरळ १२७.०.०.१ लिहा.

१३ म्हणजे परवानगी नाही. इथे टॉमकॅटचा काही संबंध नाही; रिक्वेस्ट अपाचीच्या मशीनबाहेरच पडलेली नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर हे जवळजवळ नेहमी एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधली जादा सुरक्षा व्यवस्था, असतं. सेटएसईबूलने ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ हे बूलियन (चालू-बंद करायची सेटिंग) चालू करा, पण मोठा पी हा पर्याय विसरू नका. त्याशिवाय बदल फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकतो. ‘रीबूट झाला की बंद, कमांड मारली की सुरू’ या लक्षणाचं मूळ हेच. एसईलिनक्स बंद करून टाकायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. तो मानू नका. एक बूलियन पुरतं तिथे अख्खं संरक्षण काढायची गरज नाही.

११३ म्हणजे होस्टपर्यंत वाट नाही. पिंग तर लागतो, मग वाट कशी नाही, असा गोंधळ इथे उडतो. समोरच्या मशीनवरची फायरवॉल पोर्ट बंद असल्याचं कळवते तेव्हाही लिनक्स हाच आकडा दाखवू शकतो. टॉमकॅटच्या मशीनवर फायरवॉलडी पाहा आणि ८००९ फक्त अपाचीच्या आयपीसाठी उघडा, सगळ्यांसाठी नाही. ११० म्हणजे वाट पाहून वेळ संपली. मधली एखादी फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देते तेव्हा हा येतो. ती फायरवॉल बहुधा तुमच्या हातात नसते. नेटवर्कवाल्यांना दोन्ही आयपी आणि पोर्ट लिहून द्या.

अपडेटनंतरचा ५०३ आणि ४०३

यावर जरा थांबतो, कारण अजूनही सर्वात जास्त फोन याचेच येतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये एजेपीमधली घोस्टकॅट नावाची पळवाट जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८. ८००९ पर्यंत पोचता येणारा कोणीही ॲपच्या आतल्या फाइली वाचू शकत होता. त्यावर उपाय म्हणून टॉमकॅट ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० पासून मूळ वागणूकच बदलली. तीन बदल आपल्या कामाचे. सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य कॉन्फिग फाइलच्या नव्या प्रतीत एजेपी कनेक्टर कॉमेंटमध्ये गेला, म्हणजे मुळात बंद. पत्ता दिला नसेल तर तो आता फक्त त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर बसतो. पूर्वी सगळीकडे बसायचा. आणि सीक्रेट नावाचा परवलीचा शब्द सक्तीचा झाला.

जुन्या टॉमकॅटवरून या आवृत्त्यांवर किंवा यापुढच्यांवर उडी मारली की काय होतं ते यावरून कळतं. जुनी सर्व्हर डॉट एक्सएमएल तशीच आणली, त्यात सीक्रेट नाही, तर एजेपी कनेक्टर सुरूच होत नाही. बाकी टॉमकॅट व्यवस्थित उठतो, ८०८० चालतो, सर्व्हिसचं स्टेटस हिरवं दिसतं. कॅटलिना या टॉमकॅटच्या स्वतःच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच एक ओळ असते: सीक्रेटरिक्वायर्ड खरं आहे पण सीक्रेट रिकामं आहे, हे जुळत नाही. ती ओळ वर निघून गेलेली असते, म्हणून कोणाला दिसत नाही. एजेपी हा शब्द शोधत लॉग सुरुवातीपासून वाचा.

दुरुस्ती अशी. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये एजेपी कनेक्टरला सीक्रेट द्या, लांब आणि यादृच्छिक. तोच शब्द वर्कर्स डॉट प्रॉपर्टीजमध्ये त्या वर्करच्या सीक्रेटमध्ये लिहा. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा तपासा. अपाची वेगळ्या मशीनवर असेल तर कनेक्टरच्या ॲड्रेसमध्ये टॉमकॅटच्या मशीनचा आतल्या नेटवर्कचा आयपी द्या. सीक्रेटरिक्वायर्ड खोटं करूनही ५०३ जातो, आणि घाईत अनेक जण तेच करतात. ८००९ शी अपाचीखेरीज कोणी बोलू शकत नाही याची पूर्ण खात्री असेल तरच ते करा. माझ्या मते तेव्हाही करू नये. सीक्रेट लिहायला दोन मिनिटं लागतात.

दोन्हीकडचं सीक्रेट जुळलं नाही तर टॉमकॅट ४०३ देतो. म्हणजे ५०३ जाऊन ४०३ आला तर निराश होऊ नका: पोर्ट, पत्ता, फायरवॉल सगळं जमलंय, फक्त शब्द जुळत नाही. शब्द जुळूनही ४०३ असेल तर आणखी एक जागा आहे. त्याच सुधारणेपासून टॉमकॅट एजेपीवरून आलेले अनोळखी ॲट्रिब्यूट नाकारतो. अपाचीत सिंगल साइन-ऑन लावून वापरकर्त्याची माहिती आत पाठवत असाल, तर कनेक्टरच्या अलाउडरिक्वेस्टॲट्रिब्यूट्सपॅटर्नमध्ये त्या ॲट्रिब्यूटची नावं द्यावी लागतात.

बदल कधी लागू होतो हेही लक्षात असू द्या. वर्कर्स डॉट प्रॉपर्टीज अपाची सुरू होतानाच वाचली जाते. ती बदलून फक्त टॉमकॅट रीस्टार्ट केला तर काहीच बदलत नाही आणि माणूस योग्य दुरुस्ती चुकीची समजून उलटवून टाकतो.

एचटीटीपीवर दिसतं, एचटीटीपीएसवर ४०४

मुख्य कॉन्फिगमध्ये लिहिलेले जेकेमाउंट (कोणते पत्ते टॉमकॅटकडे पाठवायचे ते सांगणाऱ्या ओळी) व्हर्च्युअल होस्टमध्ये आपोआप उतरत नाहीत. एचटीटीपीएसचा व्हर्च्युअल होस्ट वेगळ्या फाइलमध्ये असतो, सर्टिफिकेट घालताना कोणीतरी तो नवा केलेला असतो, आणि त्यात जेकेमाउंट नसतात. मग अपाची ती रिक्वेस्ट स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि ४०४ देतो. त्या होस्टमध्ये जेकेमाउंटकॉपी ऑन लिहा, किंवा माउंट तिथे पुन्हा लिहा. मी दुसरं पसंत करतो. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला काय कुठे जातंय ते समोर दिसतं.

याचाच भाऊ: ॲपच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर चालतं, नाही दिली तर ४०४. माउंटमध्ये फक्त ‘तिरकी रेघ आणि तारा’ असेल तर नुसतं नाव त्यात बसत नाही. नाव, मग उभी रेघ, मग तिरकी रेघ आणि तारा असं एकत्र लिहिलं की दोन्ही बसतात.

रीस्टार्टनंतरही मिनिटभर ५०३ राहतो तेव्हा

लोड बॅलन्सर वर्कर (रिक्वेस्ट टॉमकॅटांमध्ये वाटून देणारा) वापरत असाल तर एकदा एरर स्थितीत गेलेला टॉमकॅट लगेच परत घेतला जात नाही. रिकव्हर टाइम मुळात ६० सेकंद असतो आणि त्याची तपासणी ठरावीक देखभालीच्या फेरीतच होते. ती फेरीही मुळात ६० सेकंदांची. म्हणजे टॉमकॅट उठूनही मिनिट-दीड मिनिट ५०३ दिसू शकतो. याच वेळात घाबरून पुन्हा रीस्टार्ट केला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. स्टेटस वर्कर लावून ठेवा, फक्त आतल्या आयपीसाठी. कोणता वर्कर कोणत्या स्थितीत आहे ते पानावर दिसतं.

दोन टॉमकॅट असतील आणि लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचंच पान येत असेल, तर जेसेशनआयडी कुकीच्या शेवटी टिंबानंतर काय आहे पाहा. तिथलं नाव म्हणजे टॉमकॅटच्या इंजिनचा जेव्हीएमरूट. ते वर्करच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं.

सकाळी पहिल्यांदा लटकणं

रात्रभर कोणी वापरत नाही. अपाची आणि टॉमकॅट यांच्यात एजेपी कनेक्शनं उघडीच राहतात. मधली फायरवॉल निष्क्रिय कनेक्शन स्वतःच्या यादीतून काढून टाकते आणि दोघांनाही सांगत नाही. सकाळी अपाची जुन्या कनेक्शनवर बोलतो, उत्तर येत नाही.

वर्करमध्ये कनेक्शन पूल टाइमआउट ६०० द्या आणि टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरला कनेक्शनटाइमआउट ६००००० द्या. पहिला आकडा सेकंदांत, दुसरा मिलिसेकंदांत. दोन्हीकडे ६०० लिहिलं तर टॉमकॅट अर्ध्या-पाऊण सेकंदात कनेक्शन तोडू लागतो आणि दुखणं वाढतं. सोबत सॉकेट कीपअलाइव्ह चालू करा आणि पिंग मोड ‘ए’ ठेवा, म्हणजे रिक्वेस्ट देण्याआधी मॉड-जेके टॉमकॅटला हाक मारून पाहतं.

मोजक्या लोकांनाच त्रास, किंवा मराठीचा कचरा

एजेपीचं पॅकेट मुळात ८१९२ बाइटचं. रिक्वेस्टचे सगळे हेडर त्यात मावावे लागतात. ज्यांच्या कुकी फुगल्या आहेत त्यांनाच एरर येते आणि लॉगमध्ये अमुक हेडरची किंमत जोडता आली नाही अशी तक्रार दिसते. मॅक्स पॅकेट साइझ वर्करमध्ये आणि पॅकेटसाइझ कनेक्टरमध्ये, दोन्ही सारखेच वाढवा, कमाल ६५५३६. एकीकडेच वाढवून उपयोग नाही.

मराठीचं असं: टॉमकॅट ७ मध्ये यूआरएलचं एन्कोडिंग मुळात यूटीएफ-८ नव्हतं, ते टॉमकॅट ८ पासून झालं. डेव्हलपर ८०८० वर तपासतो, तिथल्या कनेक्टरला यूआरआयएन्कोडिंग यूटीएफ-८ देतो, ‘सांगली’ शोधलं की सांगली सापडते. अपाचीतून तीच रिक्वेस्ट एजेपी कनेक्टरवर येते, तिथे ते दिलेलंच नसतं, आणि डेटाबेसकडे भलतीच अक्षरं जातात. एजेपी कनेक्टरलाही तीच ओळ द्या. टॉमकॅट ७ चा आधार ३१ मार्च २०२१ ला संपला आहे, तेव्हा खरा उपाय आवृत्ती बदलणं हाच.

गर्दीतला ५०३: इथे हात आवरा

हळू होत होत ५०३ येत असेल तर मॅक्सथ्रेड्स वाढवायचा मोह होतो. तो मुळात २०० असतो. आधी बघा ते २०० थ्रेड करतायत काय. त्रास चालू असताना टॉमकॅटच्या प्रोसेसला किल हायफन ३ द्या. प्रोसेस मरत नाही, थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड काय करतोय याची नोंद, कॅटलिना डॉट आउटमध्ये पडतो. दहा-दहा सेकंदांनी तीन डंप घ्या. तिन्हींत बहुतेक थ्रेड एकाच जागी, बहुधा डेटाबेसचं कनेक्शन मिळण्याची वाट पाहत दिसले, तर अडचण ॲपमध्ये किंवा डेटाबेसमध्ये आहे. थ्रेड वाढवले तर वाट पाहणारेच वाढतील.

रिप्लाय टाइमआउटशीही (टॉमकॅटच्या उत्तराची किती वाट पाहायची ती मर्यादा) जपून. तो मुळात नसतो. कोणी तो ३० सेकंद केला आणि महिनाअखेरचा अहवाल दोन मिनिटं घेत असेल, तर त्या एका अहवालापायी लोड बॅलन्सर अख्खा टॉमकॅट एरर स्थितीत टाकू शकतो आणि सगळ्यांना ५०३ मिळतो. शिवाय रिकव्हरी ऑप्शन्स मूळ शून्यावर असतील तर अडलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवली जाऊ शकते. फी किंवा हप्ता भरण्याच्या पानावर याचा अर्थ दुहेरी नोंद. पैशांचं ॲप असेल तर रिकव्हरी ऑप्शन्स ३ ठेवा, म्हणजे टॉमकॅटने रिक्वेस्ट घेतल्यानंतर ती पुन्हा जात नाही.

कधी थांबून जाणकाराला बोलवायचं

थ्रेड डंपमध्ये ॲपचा कोड किंवा डेटाबेस अडकलेला दिसला तर थांबा. ते काम डेव्हलपरचं आणि डेटाबेस सांभाळणाऱ्याचं. दुहेरी नोंदी झाल्याचा संशय असेल तर कॉन्फिग बदलण्याआधीच थांबा, आधी हिशेब जुळवा. मधली फायरवॉल तुमच्या ताब्यात नसेल तर बाकी आकड्यांशी खेळत बसू नका. आणि बंद पडलेल्या अवस्थेत मॉड-जेके काढून मॉड-प्रॉक्सी हे अपाचीचं दुसरं मॉड्यूल लावायचा प्रयोग तर नकोच. नव्या मांडणीसाठी मी स्वतः एचटीटीपी प्रॉक्सीच सुचवतो, पण ते शांत वेळी, चाचणीच्या मशीनवर.

सर्वात गंभीर प्रसंग वेगळा आहे. बाहेरच्या इंटरनेटवरून तुमचा ८००९ लागतोय का, हे एकदा नक्की तपासा. लागत असेल आणि टॉमकॅट वर सांगितलेल्या आवृत्त्यांपेक्षा जुना असेल, तर प्रश्न ५०३ चा उरत नाही. कॉन्फिग फाइली आणि त्यांतले डेटाबेसचे पासवर्ड कोणी वाचले असतील असं धरूनच चालावं लागतं. पोर्ट फायरवॉलवर बंद करा, पण लॉग पुसू नका, मशीन नव्याने बसवू नका, आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी बोलवा. घुसखोरी झाल्याचं दिसलं तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, तेव्हा व्यवस्थापनाला उद्या सांगू असं करू नका.

येणाऱ्या माणसासाठी चार गोष्टी तयार ठेवा: एररच्या आसपासच्या दहा मिनिटांचा मॉड-जेके लॉग, त्याच वेळचा कॅटलिनाचा लॉग, सर्व्हर डॉट एक्सएमएल आणि वर्कर्स डॉट प्रॉपर्टीज. शेवटच्या दोन्हींतलं सीक्रेट खोडून पाठवा. सोबत गेल्या आठवड्यात त्या मशीनवर कोणी काय अपडेट केलं, तेही लिहा.